अकरावा प्रश्न

सगळ्यांत आधी एक सांगून टाकते, म्हणजे मागून कुणाला कुजबुजायला नको. माझ्या भावाच्या गोळ्या मी बंद केल्या. त्याच्या दोस्तांनी नाही, दारूनं नाही, मीच. प्रिती रामदास सकपाळ, एमएसडब्ल्यू, परळच्या एका मोठ्या इस्पितळात व्यसनमुक्तीच्या संशोधनावर कामाला. शिकलेली बाई. काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुणाचा पोरगा प्यायला लागला की त्याची आई माझ्याकडे सल्ला मागायला यायची, आता बोला.

सम्यक माझा धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा. कार्यक्रमांना साउंड लावायचं काम करतो. त्याला बायपोलर आहे. म्हणजे काही आठवडे तो चढतो. झोप नाही, तोंड थांबत नाही, जगातलं सगळं त्याला आजच्या आज सुधारायचं असतं. मग महिना-महिना असा उतरतो की उठून दात घासणंही त्याला जमत नाही. आणि या सगळ्यात दारू. चढलेला असला की झोप यावी म्हणून पितो, उतरलेला असला की उठता यावं म्हणून पितो. चाळीला यातलं फक्त दारूचं कळतं. "बापाचं रक्त," म्हणतात. आमच्या बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता हो. गिरणी बंद पडली तेव्हाही नाही, आजूबाजूचे सगळे पीत होते तेव्हाही नाही. संध्याकाळी विहारात जाऊन हजेरीचं रजिस्टर लिहायचे. कसलं आलंय बापाचं रक्त.

आमच्या इस्पितळात पहिल्या मजल्यावर व्यसनमुक्ती, तिसऱ्यावर मानसोपचार. मध्ये दुसरा मजला डोळ्यांचा. पहिल्या मजल्यावर सांगतात, याचं आधी डोक्याचं बघा, आमच्या हातात नाही. तिसऱ्यावर सांगतात, आधी दारू सोडून या, तीन आठवडे कोरडे राहा, मग बघू. चार वर्षं मी आणि सम्यक त्या डोळ्यांच्या मजल्यावरून वर-खाली करत होतो. वरच्या एका भल्या डॉक्टरनं मध्ये लिथियम सुरू केलं, ते लागूही पडलं. पण दोन तारखांना तोंडाला वास आला म्हणून त्याचा केसपेपर परत खाली पाठवला. गोळ्या आम्ही जुन्या चिठ्ठीवर चालू ठेवल्या. मी तिथंच कामाला म्हणजे माझा वशिला असणार, असं चाळीला वाटायचं. कंत्राटी बाईचा कसला डोंबलाचा वशिला. मला तर जिन्यावर शिपाईसुद्धा हटकतो.

आता माझं काम. दारूची तलफ कमी करणाऱ्या एका नव्या औषधाचा अभ्यास आमच्याकडे चालू होता. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टर मृणालिनी त्याच्या प्रमुख. दादरच्या, हुशार, आवाज कधी न चढवणाऱ्या. अभ्यासात घेतलेल्या माणसाला दहा दिवस खाट मिळायची, मग बारा आठवडे दर सोमवारी तपासणी, आणि मुख्य म्हणजे दर वेळी तोच डॉक्टर, जो मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघायचा. सरकारी रांगेत चार-चार तास उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा, हे काय असतं ते. कुणाला घ्यायचं ते ठरवायला चोवीस प्रश्नांचा फॉर्म होता आणि तो भरून घ्यायचं काम माझं आणि माझ्या जोडीला असलेल्या चिंतामणीचं.

त्यातला अकरावा प्रश्न: आपल्याला कधी मानसिक आजाराचं निदान झालं आहे का? 'हो' आलं की माणूस अपात्र. पुढचे तेरा प्रश्न विचारायचेसुद्धा नाहीत, हसून पाण्याचा ग्लास द्यायचा आणि बाहेरचा रस्ता दाखवायचा. दहा जण आले तर सहा-सात तिथंच गळायचे. सीताराम म्हणून एक काका होते, रे रोडला लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. बायको जाऊन सात वर्षं झालेली, पण ती त्यांच्या कानात बोलायची, आणि तिचा आवाज बंद व्हावा म्हणून ते प्यायचे. माणूस खरं बोलला. मी फुली मारली. त्यांनी जाताना मला हात जोडले, आणि मी बसल्या जागेवरून 'या काका' म्हटलं. दीड वर्ष मी हेच केलं. संध्याकाळी घरी येऊन जेवायचे, झोपायचे, काही म्हणून वाटायचं नाही.

मार्चमध्ये सम्यक साउंडच्या गोडाऊनमध्ये पिऊन पडला आणि त्याची नोकरी गेली. आईनं, कौसल्यानं, तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, बाय, तू रोज लोकांच्या पोरांना खाटा देतेस ना. एवढंच म्हणाली. त्या दिवशी माझं ठरलं. फॉर्म मला पाठ होता, उत्तरंही पाठ होती. भावाला पास करायला एवढं पुरे होतं.

गॅलरीत बसून मी त्याची तयारी करून घेतली. आई उंबऱ्यात कोलंबी सोलत होती आणि तो चुकला की तीही हसत होती. झोप कशी? बरी. मरावंसं वाटतं का? नाही. मनाच्या डॉक्टरकडे कधी? कधीच नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी कधीच नाही. लहानपणी मी त्याचे पाढे असेच घ्यायचे. तो हुशार आहे, अर्ध्या तासात तयार झाला. मग त्यानं विचारलं, "आणि गोळ्यांचं काय, ताई?"

मी म्हटलं, रक्त तपासतात, लिथियम दिसलं तर बाहेर काढतील. बारा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एकदा दारू सुटली की डोकं आपोआप ठिकाणावर येईल, मग बघू. हे वाक्य लोकांच्या तोंडून ऐकून मी आयुष्यभर चिडत आलेय. नवऱ्यांच्या, सासवांच्या, शेजाऱ्यांच्या तोंडून. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून आलं आणि मला काही वेगळं वाटलं नाही. गोळ्यांची पाकिटं मी माझ्या पर्समध्ये टाकली.

भाऊ आहे हे मी लपवलं नाही. मृणालिनी मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या मग फॉर्म चिंतामणीला भरू दे. केबिनमधून मी निघाले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, मानसिक आजार वगैरे काही नाही ना? मी नाही म्हटलं. नवा केसपेपर काढला. वर जाऊन बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याचे कागद कधी एकमेकांना भेटतच नाहीत. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सम्यक दाखल झाला.

आणि त्याची दारू सुटली. खरंच सुटली. पहिले चार-पाच दिवस हात थरथरले, घाम फुटला, मग थांबलं. दहा दिवसांनी घरी आला, जयंतीच्या मिरवणुकीत डोळे लाल नसलेला सम्यक चाळीनं कित्येक वर्षांनी पाहिला. आईनं अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी त्याचा आलेख मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. सगळ्यात चांगला रुग्ण, म्हणाल्या. किती उत्साह, किती जिद्द.

जिद्द. मला तेव्हाच कळलं होतं. हे मी आता मागे वळून शहाणपण सांगत नाहीये, मला खरोखर तेव्हाच कळलं होतं. पहाटे चारला उठून तो गॅलरी धुवायचा. मग जिना. मग शेजारच्या चाळीचा जिना. तीन तास झोपला तरी ताजातवाना. बोलताना एका विषयावरून दुसऱ्यावर उडी. प्रत्येक पिणाऱ्याच्या दारात जाऊन त्याला समजवायचा, आमच्या मजल्यावरच्या अंबिकाकाकूंच्या नवऱ्याला तर त्यानं दोन तास उठू दिलं नाही. हे सगळं मी चार वर्षं पाहिलेलं, कॉलेजात शिकलेलं, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेलं. दर सोमवारी मॅडम विचारायच्या, झोप कशी? तो म्हणायचा, बरी. मी शिकवलं होतं तसंच. आणि मी दाराशी फाईल छातीशी धरून उभी असायचे आणि गप्प बसायचे, कारण तो पीत नव्हता. आमच्या घरात दुसरं काही मोजायची पद्धतच राहिली नव्हती.

बुद्धपौर्णिमेला विहारात त्याचा सत्कार झाला. आमच्यात पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं शील नशा न करण्याचं. समितीचे दीपकदादा माइकवरून म्हणाले की पाचवं शील नुसतं तोंडानं म्हणणारे पुष्कळ, हा तरुण ते जगून दाखवतोय. पुष्पगुच्छ दिला, संविधानाच्या प्रास्ताविकेची फ्रेम दिली आणि चार शब्द बोल म्हणाले. सम्यक एक तास दहा मिनिटं बोलला. बाबांवर बोलला, गिरणीवर बोलला, मुंबईतली सगळी दारूची दुकानं बंद करायची योजना आपल्याकडे तयार आहे म्हणाला. मध्ये रडला, मध्ये गायला. लोक भारावले. पांढऱ्या साडीतली माझी आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. टाळ्या थांबेनात, आणि त्यात माझ्याही टाळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तो रे रोडच्या ज्या दुकानात प्यायला जायचा तिथं गेला आणि काउंटरवरच्या सगळ्या बाटल्या हातानं झाडून खाली टाकल्या. मग फळीवरच्या. दुकानातल्या माणसांनी त्याला धरून मारलं. डोकं फुटलं, डाव्या हाताची दोन बोटं मोडली. मला चौकीतून फोन आला.

मी पोचले तेव्हा तो बाकावर बसून मोठमोठ्यानं हवालदाराला योजना समजावत होता आणि शर्टावर रक्त वाळलं होतं. कागदावर लिहून झालं होतं: मद्यधुंद अवस्थेत. मी म्हटलं, त्यानं पाच आठवड्यांत घोटभर घेतलेली नाही. हवालदार म्हणाला, "बाई, बाटल्या दारूनं भिजलेला माणूस फोडतो. दूध पिऊन कोण फोडतं?" त्याच्यावर काय रागावणार. चार वर्षं इस्पितळ जे म्हणत होतं तेच तो म्हणत होता, फक्त खाकीत. मी हटूनच बसले, आधी याचं रक्त तपासा. तासभर भांडले. शेवटी कंटाळून त्यांनी त्याला तपासणीला पाठवलं. रक्तात दारूचा अंश नव्हता.

आता झाली का पंचाईत. दारू नाही, मग हे काय? अपघात विभागातल्या डॉक्टरनं डोक्याला टाके घातले, त्याच्या खिशातलं अभ्यासाचं कार्ड पाहिलं आणि त्याला पहिल्या मजल्यावर पाठवला. मृणालिनी मॅडमचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं नव्या औषधानंच काही केलं. अशा वेळी कुणाला कुठली गोळी दिली त्याचं पाकीट फोडतात. त्यांनी फोडलं. सम्यकला पोकळ गोळी होती. पाच आठवडे मीटिंगमध्ये ज्याचे आलेख दाखवले तो माणूस पीठ खात होता.

मॅडम स्वतःशीच बोलत होत्या. मग दारूच सोडल्याचा उशिरा झालेला परिणाम असेल, चिडचिड असेल, झोपेचं औषध देऊन घरी पाठवू, पोलिसांचं पोलीस बघतील. त्या लिहायला लागल्या. बाहेर स्ट्रेचरला बांधलेला सम्यक ओरडत होता. तो कागद पुरा झाला असता तर त्याला कोठडीत नाहीतर घरी नेलं असतं, आणि दोन्हीकडून तो परत आला नसता. मला हे स्वच्छ दिसत होतं. आणि मी तोंड उघडलं की माझी नोकरी गेली, हेही दिसत होतं. खोटं कशाला बोलू, दोन-तीन मिनिटं मी तशीच उभी राहिले.

मग सांगितलं. बायपोलर, चार वर्षं. लिथियम होतं, मी बंद केलं. फॉर्म मी पाठ करून घेतला. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि सगळ्यांत आधी काय विचारलं, माहीत आहे? तुला कळतंय का, सगळ्या अभ्यासावर याचा काय परिणाम होईल? मला तेवढंच पुरलं. दीड वर्ष मी त्या केबिनमध्ये आवाज खाली ठेवून बोलले होते. म्हटलं, "मॅडम, तुमच्या दारात रोज जो माणूस येतो तो नुसती दारू घेऊन येत नाही. तो डोकंही बरोबर घेऊन येतो. दोन्ही आहे म्हटल्यावर तुम्ही त्याला हाकलता, आणि जे उरतात त्यांच्यावर औषध शोधता. हे औषध तुम्ही देणार कुणाला?"

त्या चिडल्या नाहीत. कपाळ दाबत म्हणाल्या की नियम त्यांनी केलेला नाही, औषध कंपनीचा आहे, कंपनीला शुद्ध रुग्ण लागतात. शुद्ध. आमच्या घरात हा शब्द कसा ऐकू येतो ते त्यांना कळायचं कारण नव्हतं, आणि मी समजावतही बसले नाही. मी म्हटलं, कागद फाडा आणि वर फोन करा. एक खरं सांगते, बाईनं केला. स्वतः स्ट्रेचरबरोबर तिसऱ्या मजल्यावर आली. वरचा ड्युटी डॉक्टर सवयीनं बोलून गेला, व्यसनाचा पेशंट आहे ना, आधी तीन आठवडे...

"पाच झालेत," मी म्हटलं. "आता काय कारण सांगता?"

सम्यकला खाट मिळाली. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याच्यासाठी त्याला डोकं फोडून घ्यावं लागलं.

माझं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. त्याबद्दल मला तक्रार नाही, मी खोटं बोलले होते. सम्यकची पाच आठवड्यांची सगळी माहिती अभ्यासातून काढून टाकली. निष्कर्ष येतील तेव्हा त्यात तो नसेल, सीतारामकाका नसतील, मी फुली मारलेल्यांपैकी कुणीच नसेल. औषध चांगलं निघालं म्हणून पेपरात छापून येईल आणि डॉक्टर ते वाचून याच लोकांना लिहून देतील. राग कशाचा येतो विचारता? याचा येतो.

वॉर्डमध्ये सम्यकला लिथियम परत सुरू केलं. आई रोज डबा घेऊन यायची आणि विहारातल्या सत्काराबद्दल अवाक्षर काढायची नाही. मीही रोज जायचे, आता मला वेळच वेळ होता. पहिले दहा दिवस तो आम्हाला शिव्या द्यायचा, मग नुसता झोपायचा. तीन आठवड्यांनी एका दुपारी मी गेले तर तो उठून बसला होता. दाढी केलेली, बोटांचं प्लास्टर मांडीवर. डोळे त्याचे स्वतःचे होते. मला बरं वाटलं, मी संत्रं सोलायला घेतलं.

तो म्हणाला, "ताई, ते पाच आठवडे मी बरा होतो ना? आई इतकी खूष मी कधी पाहिली नव्हती."

मी हो म्हणू शकले असते. त्याला तेच हवं होतं, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण खोटं बोलून बोलून माझं तोंड विटलं होतं. मी म्हटलं, नाही रे. तू आजारी होतास. चांगलाच आजारी होतास.

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं, असंही सांगितलं. लपवायचं काय उरलं होतं?

मला वाटलं आता ओरडेल, आणि मला ते चाललं असतं. पण तो ओरडला नाही. शांतपणे, अगदी हिशोबानं बोलल्यासारखं म्हणाला, "मी तेव्हा प्यायलो असतो तर तू धावत आली असतीस. काय झालं म्हणून विचारलं असतंस."

"हो," मी म्हटलं.